मधुकर मिस्त्रीचा अंगठा

मधुकरनं सख्ख्या भावाचा हात बाकावरच्या व्हाइसमध्ये, त्या लोखंडी पकडीत, धरला होता आणि तिची दांडी फिरवत होता. उजवा हात होता. दोन बोटं पार मुळापासून लोखंडी जबड्यात गेली होती. विलास आधी ओरडला, मग त्याचा आवाज बसला आणि नुसतं तोंड उघडं राहिलं.

"कोणत्या बेअरिंगमागे पत्री घातली बे? बोल."

"नाही घातली, दादा. आईची शपथ."

"आई मेली आपली. जिवंत माणसाची घे."

आणि दांडी आणखी पाव फेरा. आतून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

शटर अर्धं खाली होतं. त्याच्या खालून मला तीन जोडी पाय दिसत होते. कैलासचे भाऊ. कैलास इस्पितळात होता, दोन्ही मांड्या भाजलेला. त्याची व्हॅन भावांनी सकाळीच ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली होती आणि म्हणाले होते, इंजिन आमच्यासमोर उघड आणि ज्यानं केलं त्याला आमच्या ताब्यात दे. इंजिन उघडून झाल्यावर मधुकर त्यांना म्हणाला, "बाहर रुको. दस मिनट में नाम बताता हूँ." त्या दहा मिनिटांतली सात झाली होती. एकाच्या हातात व्हॅनच्याच जॅकचा दांडा होता. तो शटरवर वाजवत होता.

मी रॉकेलच्या टबाशी बसले होते. माझे हात कोपरापर्यंत त्यात होते.

हे आधी सांगितलं, कारण मधुकरची गोष्ट निघाली की भोपाळच्या इंद्रपुरीतले लोक अजून त्याच्या हातांचं कौतुक करतात. काय हात होता, म्हणतात. हात होताच. पण त्या हातानं काय काय केलं, ते सगळं मी जवळून पाहिलंय.

मधुकर वानखेडे मूळचा अमरावतीकडचा. बाप सरकारी हापिसाबरोबर बदली होऊन भोपाळला आला आणि इथेच राहिला. माझे यजमान मोठ्या कारखान्यात फिटर होते. ते वारल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा मी मधुकरच्या पत्र्याच्या शेडमागची खोली घेतली. तिसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला.

"वहिनी, शाळा किती?"

"चौथी."

"आकडे येतात?"

"आकडे न यायला काय झालं?"

त्यानं खिशातून अर्ध्या बांगडीसारखा एक पत्र्याचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. इंजिनातलं बेअरिंग. आतून गुळगुळीत, बाहेरून बारीक कोरलेला आकडा. "पाठ वाचा," म्हणाला. मी उन्हात धरून वाचलं, वीस. दुसरं दिलं, तेही वीस. तिसरं वीस. चौथं वाचलं, तीस. "नक्की?" "नक्की." त्यानं वळून मागे उभ्या असलेल्या विलासच्या कानाखाली अशी मारली की तो दाराच्या चौकटीवर आपटला. डब्यावर वीस छापलं होतं आणि विलासनं डबा न उघडता आणला होता. विलास तेव्हा तिशीचा, बायको असलेला माणूस. रक्त पुसत मला म्हणाला, "काकू, तुम्ही जरा उशिरा वाचायला शिकला असतात तर बरं झालं असतं."

तर मला काम असं मिळालं. सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचे, परातीत ओळीनं मांडायचे आणि आकडे वाचायचे. तेव्हा मला वाटलं, मधुकरनं माझी परीक्षा घेतली. पुढे कळलं, त्याला स्वतःला ते आकडे दिसत नव्हते.

मधुकरची काम करायची रीत कुणासारखी नव्हती. गाडी आली की तो मालकाचं ऐकायचा नाही. तेलपात्र उतरवून जुनी बेअरिंगं काढायचा आणि नखानं त्यावरचे ओरखडे चाचपायचा. मग सांगायचा, यानं दोन वर्षं तेल बदललं नाही. किंवा, हा चढावर गिअर टाकत नाही, नुसता दाबतो. मालक नाही म्हणाला तर ते बेअरिंग त्याच्या कपाळावर फेकून मारायचा. एका बँकेतल्या साहेबाच्या भुवईवर मी स्वतः हळद दाबली आहे. जुनी बेअरिंगं तारेत ओवून भिंतीवर टांगलेली असायची, प्रत्येक तारेवर गाडीचा नंबर.

नवीन बेअरिंग निवडायचं म्हणजे आधी क्रँकचं, बेअरिंगात फिरणाऱ्या दांड्याचं, माप घ्यायचं. क्रँक घासून बारीक झाला की बेअरिंग तेवढंच जाड लागतं, दहाचं, वीसचं, तीसचं. मधुकर मापाचं यंत्र क्रँकला लावून, कान जवळ नेऊन फिरवायचा, कट् कट् आवाज झाला की थांबायचा आणि माझ्याकडे द्यायचा. "रेघा मोजा, वहिनी." मी मोजायचे. तो म्हणायचा, "आता दुसऱ्या बाजूनं." चार वेळा. क्रँक गोल झिजलाय की लांबट झिजलाय, हे तो माझ्या आकड्यांवरून सांगायचा आणि ते बरोबर निघायचं.

रिंगांचंही तसंच. पिस्टनवर चढवायच्या आधी रिंग नुसती सिलेंडरमध्ये सोडायची, पिस्टन उलटा करून ती सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांत फट किती राहते ते पाहायचं. फट जास्त तर इंजिन तेल पितं. कमी तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग सिलेंडर फाडते. एकदा आम्ही दोघं बाजारात रिंगा आणायला गेलो. मधुकर पिशवीत एक जुनी सिलेंडरची नळी आणि पिस्टन घेऊनच जायचा. दुकानदारानं सेट काढला. मधुकरनं काउंटरवरच रिंग नळीत सोडली आणि फटीत पातळ पाती घालून पाहिली. पाती सैल गेली.

दुकानदार भोपाळी थाटात हसला. "को खां, एक बाल का फरक है. चलेगा."

"किसका बाल?" मधुकरनं विचारलं आणि रिंग दोन बोटांत मोडली. ती बिडाची असते, काचेसारखी मोडते. मोडलेलं टोक त्यानं दुकानदाराच्या गालावर टेकवलं आणि कानापासून ओठापर्यंत ओढलं. सावकाश. "अब देख. एक बाल का फरक है कि नहीं?"

सात टाके पडले. दुकानदारानं पोलिसात दिलं नाही, कारण नकली माल त्याच्याकडे पोत्यांनी होता. पुढे तो मधुकरला बरोबर माल द्यायचा, उभा राहून. गॅरेजमध्ये ही गोष्ट सांगून लोक पोट धरून हसायचे. मी हसले नाही. मी त्या माणसाला नंतर चहा पिताना पाहिलंय. चहा ओठाच्या कोपऱ्यातून सांडायचा आणि त्याला कळायचंही नाही.

मधुकर बायकोलाही मारायचा. शैला तिचं नाव. त्यांच्या आणि माझ्या खोलीमधली भिंत पत्र्याची होती, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. भाजीत मीठ कमी, मार. फोन उचलायला उशीर, मार. एकदा मी त्याला म्हटलं, "मधुकर, रिंगेची फट केसाएवढी मोजता आणि बायकोला मोजमाप नाही?" तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही आकडे वाचा."

एके दिवशी सकाळी शैला पोळ्या करत होती. हा मागून आला आणि तिचा अंबाडा धरला. तिनं वळून त्याचा उजवा हात पकडला, तापल्या तव्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून दाबून धरला. तो ओरडला तसा मी कधी माणूस ओरडताना ऐकला नव्हता. तिनं सोडलं तेव्हा अंगठ्याची कातडी तव्याला चिकटून राहिली. तिनं तवा उतरवला, दुसरा चढवला, उरलेल्या पोळ्या केल्या, डबा झाकला आणि दुपारच्या गाडीनं नागपूरला माहेरी गेली. जाताना पहिला तवा माझ्याकडे देऊन म्हणाली, "काकू, एवढा घासून ठेवा."

मी तो घासला. राखेनं दोनदा.

मधुकर दुसऱ्या दिवशी फडकं बांधून कामावर. लोकांना सांगितलं, सायलेन्सरवर भाजलं. जखम भरली, पण अंगठ्यावर जी कातडी आली ती चकचकीत आणि जाड, प्लास्टिकची असावी तशी. चहाचा पेला त्या अंगठ्यानं धरला की तो किती गरम आहे हे त्याला समजायचं नाही. मी पाहत होते. डोळे आधीच गेले होते, मोतीबिंदू असणार, आणि आता अंगठा. पण तो डॉक्टरकडे गेला नाही आणि कामही थांबवलं नाही. इंजिन बांधताना मान वर करून छपराकडे बघायचा, हात खाली चालू. समोरच्या टपरीवर ड्रायव्हर चहा पीत उभे राहायचे आणि एकमेकांना दाखवायचे. "देख, आँख बंद करके बाँधता है. इसको कहते हैं मिस्त्री."

मला माहीत होतं. मी बोलले नाही. मला काम हवं होतं, आणि त्याच्यासमोर बोलणाऱ्याचं काय होतं हे मी रोज पाहत होते.

आता पत्रीचं सांगते. विलासनं एकदा एका कारकुनाच्या गाडीत नवीन बेअरिंग न टाकता जुन्याच बेअरिंगमागे सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून बसवली होती. त्यानं बेअरिंगचा ढिलेपणा काही दिवस जातो. पुष्कळ मिस्त्री करतात. मालकाला घाई होती, बाजारात माल नव्हता, एवढंच कारण. गाडी बाहेर पडताना मधुकर टपरीवर उभा होता. आवाज ऐकला, पेला ठेवला आणि गाडी परत आत घ्यायला लावली. चांदी निघाल्यावर त्यानं ती विलासच्या तोंडात कोंबली. "चाव." विलासनं चावली. "गिळ." विलासनं गिळली. मग मधुकरनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला आणि पुढचा एक दात पडला. विलासनं पुन्हा कधी पत्री घातली नाही. हे मी खात्रीनं सांगते, कारण त्यानंतर प्रत्येक बेअरिंग मीच वाचत होते आणि मीच उलटून पाहत होते.

पण मधुकरच्या डोक्यातून ती चांदी गेली नाही. कुठलंही इंजिन परत आलं की आधी विलासची मान.

कैलासची व्हॅन निळी होती. तो भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यांत जेवणाचे डबे पोचवायचा. त्या व्हॅनमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या सीटखालीच असतं. धूर काढायला लागली म्हणून पूर्ण इंजिन उघडलं. क्रँक घासून आणला, मी रेघा मोजल्या, बेअरिंग तीसचं ठरलं. चारही जोड्यांच्या पाठी मी वाचल्या. तीस, तीस, तीस, तीस.

आता एक गोष्ट समजून घ्या. पिस्टनला धरणारा जो रॉड असतो, त्याच्या खालच्या टोकाला अर्धगोल झाकण असतं. रॉड आणि झाकण या दोघांत मिळून बेअरिंग बसतं. ज्या रॉडचं झाकण त्यालाच लागतं, दुसऱ्याचं चालत नाही, कारण दोन्ही एकत्रच गोल कापलेली असतात. म्हणून मधुकर उघडतानाच रॉडवर आणि त्याच्या झाकणावर पंचानं, टोकदार खिळ्यासारख्या हत्यारानं, ठिपके मारायचा. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. मी परातीत त्याच क्रमानं मांडायचे. आणि तो उचलताना अंगठ्यानं ठिपके चाचपून घ्यायचा. आकडे माझे, ठिपके त्याचे, अशी वाटणी होती.

त्या दिवशी विलासनं रिंगांचा सेट आणला तो चुकीच्या मापाचा. मधुकरनं रिंग सिलेंडरमध्ये सोडली आणि फटीतून त्याचं नखच गेलं. त्यानं समोरची परात उचलली आणि विलासवर फेकली. परात त्याच्या खांद्याला लागली. रॉड, झाकणं, नटबोल्ट सगळे जमिनीवर.

"चल नीघ इथून. सात दिवस तोंड दाखवू नको."

विलास खांदा धरून गेला. मी उठले.

"हात लावू नका, वहिनी."

तो गुडघ्यावर बसला आणि जमीन चाचपत एकेक वस्तू गोळा करायला लागला. झाकण उचलायचा, अंगठा फिरवायचा, परातीत ठेवायचा. मी उभी होते. मला वाटलं, म्हणावं की ठिपके मी वाचते. म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः बाजारात जाऊन बरोबर रिंगा घेऊन आला, फट मला दाखवली, मी पाती घालून पाहिली, बरोबर होती. मग छपराकडे बघत त्यानं इंजिन बांधलं. टपरीवरचे लोक बघत होते.

चौथ्या दिवशी मंडीदीपच्या रस्त्यावर दोन नंबरचा रॉड तुटला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. उकळतं तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं आणि सीटखालून आग वर आली. कैलास दार उघडून बाहेर पडला तेव्हा त्याची पँट जळत होती. मागून येणाऱ्या एका दुधवाल्यानं दोन कॅन दूध त्याच्यावर ओतलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन आली आणि तिच्याबरोबर तीन भाऊ. विलासही आला, बातमी ऐकून, सात दिवस पुरे व्हायच्या आधी. तेच चुकलं त्याचं. मधुकरनं इंजिन उतरवलं. दोन नंबरचं बेअरिंग वितळून काळं झालेलं होतं. त्यानं ते हातात घेतलं, हुंगलं आणि म्हणाला, "चांदी." त्यात चांदी नव्हती. पण त्यानं विलासची मान धरली होती आणि व्हाइस समोरच होता.

तर मी टबाशी बसले होते आणि माझ्या हातात तिसरा रॉड होता, झाकणासकट, न तुटलेला. रॉकेलनं काजळी निघाली तसे ठिपके दिसायला लागले. मी फडक्यानं पुसून परत पाहिलं. मग उठले.

"मधुकर, दांडी सोडा."

"वहिनी, आकडे वाचा तुम्ही."

"तेच वाचते आहे. तिसऱ्या रॉडवर तीन ठिपके. त्याच्या झाकणावर दोन."

त्याचा हात दांडीवरच राहिला. "परत वाचा."

"रॉडवर तीन. झाकणावर दोन. म्हणजे तीनचं झाकण दुसऱ्या रॉडवर गेलं होतं. तोच तुटला."

"यानं बदललं असेल."

"विलास नव्हता. तुम्ही परात मारून त्याला घालवला होता. गोळा तुम्ही केलंत. बांधलंत तुम्ही."

"मी अंगठ्यानं बघितलं होतं."

"तुमच्या अंगठ्याला काही कळत नाही. डोळ्यांनाही दिसत नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे." सगळ्यांना माहीत नव्हतं. मलाच होतं. पण तसं म्हटल्याशिवाय त्यानं ऐकलं नसतं.

मी तो रॉड त्याच्या हातात दिला. त्यानं अंगठा ठिपक्यांवर फिरवला. एकदा, दोनदा. मग डाव्या हाताच्या बोटानं चाचपलं. बराच वेळ. बाहेर शटरवर दांडा वाजला. "मिस्त्री! नाम बता!"

विलास व्हाइसला लोंबकळत होता. त्याला शुद्ध होती की नाही, कोण जाणे. तो पुटपुटला, "दादा, त्यांना माझं नाव सांगू नको."

मधुकरनं रॉड बाकावर ठेवला. फडकं घेतलं आणि हात पुसले, एकेक बोट, रोज काम संपल्यावर पुसायचा तसे. मला म्हणाला, "दांडी उलटी फिरवा, वहिनी. हळू. एकदम सोडलं तर त्याला जास्त लागेल." आणि शटरकडे चालू लागला. वाटेत ऑइलच्या डब्याला अडखळला. वाकून शटर वर ढकललं.

ऊन एकदम आत आलं. तो उंबऱ्यावर थांबला, डोळ्यांवर हात घेऊन, आणि चुकीच्या बाजूला तोंड करून म्हणाला, "कैलास का भाई कौन है?"

"इधर, मिस्त्री," कुणीतरी म्हणालं.

तो आवाजाकडे वळला. "मैंने किया. ढक्कन बदल गया मुझसे. मुझे दिखता नहीं है."

टपरीवरचं कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, मिस्त्री मस्करी करतोय.

मी दांडी उलटी फिरवत होते. ती मधुकरनं सगळा जोर लावून आवळली होती आणि माझ्या हातांना रॉकेल लागलेलं होतं, हात घसरत होते. बाहेर पहिला फटका पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मी तिकडे गेले नाही. दोन्हीकडे जाता येत नव्हतं. माझ्या समोर विलासचा हात होता. मी पदरानं दांडी धरली आणि फिरवली. बाहेर टपरीवरचे लोक पळाले की मध्ये पडले, ते मला माहीत नाही. जबडे सुटले तेव्हा बाहेरचा आवाज थांबला होता.

मधुकर तिसऱ्या दिवशी दुपारी वारला. कैलासचे भाऊ आत आहेत, खटला अजून चालू आहे. मी साक्ष दिली, जे पाहिलं तेवढीच.

कैलास वाचला, काठी घेऊन चालतो. विलास वाचला, दोन बोटं कापावी लागली, आता तो ई-रिक्षा चालवतो. शैला नागपूरला आहे. मी नेहरू नगरला, आता कमावत्या झालेल्या मुलाकडे राहते.